आसाच्या टोकाचा लंब

सत्तरच्या दशकात मी शिरपूरच्या शाळेत गणित शिकवत होतो. आमचा शेजारी दमणी हाकायचा. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरलेले यात्रेकरू तो बैलांच्या त्या हलक्या गाडीतून आमच्या गावच्या मंदिरापर्यंत आणी. बायका सोबतीशिवाय त्याच्या दमणीत बसत, इतका त्याचा भरवसा होता.

एका दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची दमणीला धडक बसली. दमणी रिकामी होती, पण एका बैलाचा पाय मोडला. ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं, दमणी डावीकडच्या पांदणीतून, म्हणजे शेतवाटेतून, न पाहता रस्त्यावर वळली. शेजारी म्हणे, "म्या त रस्त्यानं सरळ चाललो होतो. ट्रॉली मांगून आली अन् घासून गेली."

लोकांनी मला विचारलं. मी टेप आणि काटकोन मापायचा गुण्या घेऊन गेलो. मातीतल्या खुणांवरून दमणीची चाकं रस्त्याशी काटकोन करून सरळ पाच फूट डावीकडे घसरली होती. मी चौकात सांगितलं, "ट्रॉली मागून आली असती तर दमणी पुढे ढकलली गेली असती. ती आडवी फेकली गेली, म्हणजे आडवीच आली होती."

शेजारी एवढंच बोलला, "मास्तर, तुमी मले पाह्यलं होतं काय?"

त्यानंतर त्याच्या दमणीत कोणी बसेना.

महिनाभरानं जऊळक्याला तीच ट्रॉली माल उतरवत उभी दिसली. तिच्या बाजूच्या खालच्या लोखंडी पट्टीवर वंगणाचा काळा फराटा होता, आडवा, चार फूट दोन इंच. दमणीच्या चाकाबाहेर निघालेलं आसाचं टोक वंगणानं माखलेलं असतं. दमणी आडवी आली असती तर आस रस्त्याला समांतर राहिला असता आणि हे टोक पट्टीला असं घासलंच नसतं. मी पट्टीवर हात ठेवून उभा राहिलो. टोकाला स्वतःची दिशा नसते. ते ज्या सपाट पृष्ठभागाला टेकतं, त्याच्या लंबानं धक्का बसतो. वंगणामुळे पट्टी आसावरून पुढे घसरत गेली आणि दमणीला फक्त बाजूला लोटत राहिली. ट्रॉली मागून आली की दमणी आडवी आली, हे त्या पाच फुटांवरून कळणारच नव्हतं. वर्गात मी हेच शिकवत होतो.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "घरात सांगून काय होते? जिथं बोलले तिथं जाऊन बोला."

बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून मी फराट्याचं माप सांगितलं आणि माझी चूकही. कोणीतरी हसलं, "मास्तर नापास झाले!" मी मान हलवली. मग मी आणि बायको शेजाऱ्याच्या दमणीकडे गेलो. नवा बैल अजून बुजत होता.

"जऊळक्याला सोडता का?" मी विचारलं.

त्यानं आधी माझ्या बायकोकडे पाहिलं. "वहिनी, तुमी मांगं बसा, तिथं हिसके कमी बसतात." मला म्हणाला, "तुमी या समोर. रस्ता दिसला पाह्यजे तुमाले."