अठरा मिनिटांचं गाणं आणि नळाची हवा

बाईमाणूस साठीच्या पुढं गेलं की तिला भजनच आवडत असणार, हे कुणी ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही. मला भजन आवडतं. पण भजनच आवडतं असं मी कधी कुणाला म्हणाले नव्हते. तरी आमच्या श्रवण मंडळात माझी पाळी यायची झाली की अध्यक्ष वहीत माझ्या नावापुढं आधीच लिहून ठेवायचे, 'भक्तिसंगीत'. मला न विचारता. अक्षर मात्र सुंदर, कॉलेजात मराठी शिकवायचे ना.

हे मंडळ आमच्या कॉलनीतलं, शहराच्या कडेला, पडेगावच्या बाजूचं. अकरा जण, सगळे रिटायर. दर रविवारी चार वाजता इंजिनिअर साहेबांच्या हॉलमध्ये जमायचं, कारण त्यांच्याकडं कमरेएवढे दोन स्पीकर होते. नियम साधा. ज्याची पाळी त्यानं आपल्या आवडीचं काही आणायचं, त्याबद्दल दोन शब्द बोलायचे, आणि बाकीच्यांनी ते शेवटपर्यंत ऐकायचं. शेवटपर्यंत. हा शब्द अध्यक्षांनीच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला, खाली रेघ मारून.

मी मॅट्रिक. गाणं कुणापाशी शिकले नाही. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली, सगळी हयात कानाला हेडफोन लावून गेली. ट्रंक कॉलच्या काळात लाइन जोडली की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी एक गुणगुण यायची. त्या गुणगुणीवरून मी सांगायचे, ही जालन्याची, ही परभणीची. सोबतच्या बायका पैज लावायच्या आणि हरायच्या. रिटायर झाल्यावर लेकीनं फोन घेऊन दिला. एक दिवस कुठं तरी भलतीकडं बोट लागलं आणि एक गाणं सुरू झालं. नुसती गुणगुण, तिच्यावर हळूहळू चढत जाणारा ठोका, शब्द एक नाही. मला तर माहेरी आल्यासारखं झालं.

त्याला इलेक्ट्रॉनिक म्हणतात हे पुढं कळलं. आणि इंडी म्हणजे ज्याच्या मागं कुठली कंपनी नाही, ज्याचं त्यानं घरात बसून केलेलं. मी शोधत गेले, वहीत टिपत गेले. तुम्हीही ऐकणारे आहात म्हणून सांगते. एक पोरगी आहे, गिटारवर गाते, आणि मागं तिच्या खोलीतला पंखा कुरकुरतो. ते दुपारी ऐका, जेवण झाल्यावर, पडल्या पडल्या. दोघं भाऊ आहेत, ते पेटीचा भाता नुसता हलवतात, पट्टी दाबतच नाहीत, आणि त्या श्वासावर ठोका बसवतात. ते ऐकताना भाजी चिरू नका, बोट कापेल.

त्या पोरीचं गाणं मी मंडळात लावलं तेव्हा अध्यक्षांनी दीड मिनिटात हात वर केला. "वहिनी, तिला म्हणावं पंखा बंद करून गा." सगळे हसले. गाणं बंद झालं. पुढचा तासभर त्यांच्या आवडीचं नाट्यसंगीत, आणि मी मान डोलावत बसले. त्या मान डोलावण्याचा मला आजही राग आहे.

म्हणून पुढच्या पाळीला मी ठरवून मोठं गाणं काढलं. अठरा मिनिटांचं. कुणा थंड मुलखातल्या माणसानं एकट्यानं केलेलं. सुरुवातीला बारीक फुसफूस, मग खालून काही तरी गुळगुळ करत वर येतं, मग एक थरथर लागते आणि त्या थरथरीतून सूर सुटायला लागतात. शेवटची चार मिनिटं तर अशी, की मी कितीदा ऐकली तरी उठून उभी राहते. महिनाभर मी वहीत लिहीत होते, कितव्या मिनिटाला काय येतं. एवढीच इच्छा, की ती शेवटची चार मिनिटं माझ्यासोबत आणखी कुणी तरी ऐकावीत.

आता ते वर्ष कसलं होतं ते सांगायला पाहिजे. दुष्काळाचं, आणि त्याच्या आदलंही तसंच. जायकवाडी धरणाचा तळ उघडा पडलेला. शहर मात्र फुगत चाललेलं, इकडं दौलताबादच्या रस्त्यानं, तिकडं करमाडपर्यंत. जिथं तिथं प्लॉट पाडलेले, कमानी उभ्या केलेल्या, कमानींवर कारंज्यांची चित्रं. पाइप तेवढा जुनाच. आमच्याकडं पाणी आठव्या दिवशी यायचं, कधी दहाव्या, आणि वेळ म्हणाल तर कुणालाच ठाऊक नाही. यायच्या आधी नळाला हवा यायची, फुस्स करून. ती ऐकली की जेवता माणूस उष्ट्या हातानं पळायचा.

व्हायचं तेच झालं. मी गाणं लावलं, स्पीकरमधून फुसफूस आली, आणि इंजिनिअरांची बायको ताडकन उठली. "नळाला हवा आली." तेवढंच म्हणाली. त्यात खालून गुळगुळ सुरू झालं. मग काय. कुणाच्या चपला कुणाच्या पायात. अध्यक्ष जिन्यातून घरी फोन करत होते, "ड्रम उघड, आधी ड्रम उघड." साहेब मागच्या दारानं गेले आणि त्यांनी नळाला मोटर लावली. तीन मिनिटांत हॉलमध्ये मी एकटी आणि ते दोन स्पीकर. नळ कोरडा ठाक. कोरड्या पाइपावर फिरून फिरून मोटर जळाली, तो वास हॉलपर्यंत आला.

पुढच्या रविवारी माझ्यावर बैठक बसली.

"वहिनी, तुमच्या गाण्यानं माझी मोटर गेली," साहेब म्हणाले.

"नळाला मोटर लावायची नाय असा नियम आहे, साहेब. गाण्यानं सांगितलं व्हतं का लावा म्हणून? तुमची मोटर चालली की माझ्या नळाला थेंब येत नाय, ते कधी बोलले का मी?"

अध्यक्षांनी वही उघडली. "विषय मोटरचा नाही. यंत्रांच्या आवाजाला संगीत म्हणायचं का, हा आहे. तुम्ही श्रावणात भजनाचा रविवार घ्या. छान होईल."

"सर, तुम्ही पळालात ते काय ऐकून?"

"फुसफूस ऐकून. आधी बारीक, मग जरा जाड झाली."

"मग गुळगुळलं," साहेबांची बायको म्हणाली. "खालून वर. आणि मधी एकदा थांबलं, ताई, श्वास घेतल्यासारखं."

"थांबलं नाही, हळू झालं," साहेब म्हणाले. आणि दोघा नवराबायकोत त्यावरून जुंपली.

मी माझी वही काढून त्यांच्यापुढं टाकली. मी महिनाभर बसून जे लिहिलं होतं, ते हे लोक तोंडपाठ सांगत होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पाण्यासाठी इतका कान देता आणि माणसासाठी देत नाय. पंखेवालीला दीड मिनिट दिलंत. माझी पाळी मला परत पाहिजे, आणि गाणं हेच लागंल, पहिल्यापासून. शेवटपर्यंत हा शब्द तुमच्याच हातचा आहे, सर."

वहीतली रेघ त्यांना नाकारता येईना. पाळी लिहिली गेली. आणि यावेळी फसायचं नाही, काहीही ऐकू आलं तरी जागचं हलायचं नाही, असं सगळ्यांनी एकमेकांत ठरवलं.

पुन्हा पाळी यायला अकरा रविवार गेले. त्या रविवारी फुसफूस आली, कुणी हललं नाही. गुळगुळ झाली, साहेब हाताची घडी घालून बसलेले. सहावं मिनिट, दहावं मिनिट. अध्यक्षांनी डोळे मिटलेले. इतकं शांत आमचं मंडळ नाट्यसंगीतालाही नसायचं.

चौदाव्या मिनिटाला फुस्स आली. ती माझ्या वहीत नव्हती.

परभणीची लाइन ओळखणारे माझे कान. स्वयंपाकघरातला नळ होता तो. पाणी येत होतं, नवव्या दिवशी. साहेबांच्या बायकोनं मान वळवून आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिनं विचारलं काही नाही, पण विचारलंच म्हणायचं. मी तोंड उघडलं असतं तर शेवटची चार मिनिटं गेली असती, कायमची. पुन्हा कोण देतंय मला पाळी?

मी वहीत बघत राहिले. ती पुन्हा सरळ होऊन बसली.

चार मिनिटं सगळ्यांनी ऐकली. मला काही ती नीट ऐकू आली नाहीत, कारण माझा सगळा जीव त्या नळात. गाणं संपलं तरी फुसफूस चालूच होती, आणि हे दहा जण भक्तिभावानं ती ऐकत बसले, आणखी अर्धं मिनिट. अध्यक्षांनी डोळे उघडले. "वहिनी, शेवट फार सुंदर आहे हो. विरत विरत जातो." तेवढ्यात आत बादलीत पाणी धडाडा पडल्याचा आवाज झाला आणि पुन्हा चपला, पुन्हा जिना.

पाणी त्या दिवशी दहा मिनिटंच होतं. माझ्या घरी पोचेपर्यंत धार करंगळीएवढी, दोन हंडे भरले. आठ दिवस मी त्यावर काढले. बाकीच्यांच्या घरात ड्रम अर्धे राहिले, कोपऱ्यावरच्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती, त्यांचाही अर्धाच. ते मला ठाऊक आहे आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांची बायको अजून भेटली की म्हणते, "ताई, काय योग बघा, गाण्यात पाणी आलं." मी व्हय म्हणते.

राग माझा माझ्यावर आहेच. पण तो तिथंच थांबत नाही. एका बाईला एक गाणं पुरं ऐकवायचं, तर त्यासाठी शेजाऱ्यांचं पाणी चोरावं लागतं, असं गाव कुणी केलं? ज्यांनी कमानींवर कारंजी रंगवली त्यांच्या घरी नळाला हवा येत असंल का? ज्यानं ते गाणं केलं त्या थंड मुलखातल्या माणसाला तर हे सांगूनही समजायचं नाही. त्याच्या लेखी ती फुसफूस नुसती फुसफूस.

तुम्ही ते ऐकाच. भरल्या घरी ऐका, ड्रम भरून, नळ बंद करून. आणि शेवट कसा आहे ते आमच्या अध्यक्षांना विचारू नका. त्यांनी नळ ऐकलाय. गाण्याचा शेवट विरत जात नाही, तो एकदम थांबतो.