दुसऱ्या सुईचं टोक

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, कानामागे खडू. तिच्या टेबलावरून सुटलेला कपडा पुढे कुणी उघडून बघत नसे. एक टाका उसवला असला तरी ती खडूने फुली मारायची आणि शिवणारीच्या अंगावर कपडा भिरकावून म्हणायची, "हे काय आपल्या सासूला शिवलंय का गं?" बायका हसायच्या, पण तिच्या वाटेला जायच्या नाहीत.

रविवारी हीच बाई मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडीलमंडळावर बसायची. वडीलमंडळ म्हणजे तीन माणसं: पाळक म्हणजे चर्चचे पाद्री, रिटायर पोस्टमास्तर आणि ही. बाप्तिस्मा मागणाऱ्याला हे तिघे प्रश्न विचारत, आणि तिघांनी मान हलवल्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नसे. पाळक आधी बस कंडक्टर होते, त्यामुळे कुणाला आत न घेणं त्यांना जमतच नसे. पोस्टमास्तरांना कमी ऐकू यायचं. तेव्हा खरी चाळणी लावायची ती भिंगबाईच. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, विश्वासाने मिळतं, आपल्या करणीने नाही, म्हणूनच कुणी फुशारकी मारायची सोय उरत नाही, हे बायबलमधल्या पौलाचं म्हणणं ती मुलांच्या वर्गात वीस वर्षं शिकवत आली होती. शिकवताना तिला कधी वाटलं नाही की हे आपल्यालाही लागू आहे.

त्या शनिवारी दुपारी मंडळीच्या मागच्या खोलीच्या दारात बाप्तिस्मा मागायला उभा राहिला तो इस्त्रीमामा. तिने त्याला ओळखलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

नऊ वर्षांपूर्वी दोघं ह्याच कारखान्यात होते. ती तपासायची, तो इस्त्री करायचा. कारखान्याचा एक कडक नियम होता. शिवताना सुई मोडली की तिचा तुकडा न् तुकडा शोधायचा, कार्डावर चिकटपट्टीने सुईच्या आकारात जुळवायचा, भिंगबाईने बघून सही करायची, मगच स्टोअरमधून नवी सुई मिळायची. एक तुकडा कमी पडला तर शिलाई यंत्रांची सगळी ओळ थांबवून आसपासचे गठ्ठे उलगडायचे. एका दुपारी बाळांचे कपडे शिवताना सुई मोडली आणि तिचं टोक सापडेना. तिळाएवढं टोक. चार वाजता माल गाडीत चढायचा होता, मॅनेजर डोक्यावर उभा होता. भिंगबाईच्या खणात जुन्या मोडक्या तुकड्यांची डबी होती. तिने त्यातलं एक टोक काढलं, कार्डावर बसवलं, भिंगातून बघितलं. छान बसलं होतं. तिने सही केली.

दोन महिन्यांनी परदेशातल्या खरेदीदाराचं पत्र आलं. सोबत फोटो: एका बाळाच्या पाठीवर लांब ओरखडा, कपड्यात अडकून राहिलेल्या टोकाचा. चौकशीला बसले सगळे. सुईचं कार्ड पूर्ण, सही पक्की, तेव्हा टोक शिलाईच्या ओळीतलं नाही. मग कुठलं? इस्त्रीवाला कॉलर ताणायला टाचण्या लावतो, त्यातलीच एखादी मोडली असणार. संपली चौकशी. वरच्याला जबाबदार धरायचं नसलं की खालचा कसा पटकन सापडतो! इस्त्रीमामाला त्याच दिवशी घरी बसवलं. भिंगबाईला पुढच्या वर्षी मुख्य तपासनीस केलं.

तर तो आता खुर्चीच्या कडेवर बसला होता. शर्टाला कडक इस्त्री. पोस्टमास्तरांनी विचारलं, तारण व्हावं म्हणून माणसाने काय करायचं असतं? तो म्हणाला, बायबलातल्या त्या तुरुंगाच्या शिपायानेही हेच विचारलं होतं ना, त्याला सांगितलं प्रभू येशूवर विश्वास ठेव. मी ठेवलाय. आणखी काही असेल तर सांगा, लिहून घेतो. पाळक हसले.

मग भिंगबाईची पाळी. काय सोडलंत, तिने विचारलं.

"तंबाखू सुटली, ताई. तोंड अजून सुटलेलंच आहे. गिऱ्हाईक फार घाई करायला लागलं की जाते एखादी शिवी."

आणि मग कुणी विचारलं नसताना त्याने ते सांगितलं. खाली बघत, सावकाश. कारखान्यात असताना आपली एक टाचणी मोडली, आपल्याला कळलंही नाही, आणि कुठल्याशा देशातल्या एका बाळाच्या पाठीत ती गेली. तो फोटो चौकशीत त्याच्या हातात दिला होता.

"नऊ वर्षं झाली. रोज टाचण्या मोजतो, सकाळी एकदा आणि इस्त्रीची टपरी बंद करताना एकदा. त्या लेकराचा पत्ता माहीत नाही, की जाऊन पाया पडावं. भरपाई म्हणून द्यावं असं माझ्याकडे काही नाही. रिकाम्या हाताने आलोय. घेतलं तर घ्या."

भिंगबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढा वेळ तिच्या जिभेवर खरे शब्द होते, तिने फक्त तोंड उघडायचं होतं. तिने उघडलंही. आणि ती म्हणाली, सहा महिने थांबू दे. पश्चात्तापाला शोभेलसं फळ दिसू दे आधी. आवाज जराही हलला नाही तिचा. पुढे कितीतरी दिवस तिला टोचत राहिलं ते हे: त्या खोट्या सहीपेक्षाही हा स्थिर आवाज.

इस्त्रीमामा मान डोलावून उठला. बरोबर आहे म्हणाला.

घरी नणंद भाजी निवडत बसली होती. ती मंडळीत फक्त नाताळला जायची, पण वहिनीची खोड काढायला तिला कुठला दिवस लागत नसे. "काय गं वहिनी, आज कुणाला स्वर्गाच्या दारातून परत पाठवलंस?"

एरवी भिंगबाईने चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती नणंदेसमोर जमिनीवर बसली आणि उद्याच्या वर्गाचा धडा उघडला. देवळात गेलेली दोन माणसं: एक आपल्या उपासांची यादी वाचतो, दुसरा वर मान न करता छाती पिटतो, मी पापी आहे, माझ्यावर दया कर म्हणतो. आणि येशू सांगतो, घरी नीतिमान ठरून गेला तो दुसरा. तिने हा धडा निदान पंधरा वेळा शिकवला होता. आज तिला त्यात आणखी दोघं दिसली: दुसऱ्याचं पाप आपलं समजून छाती पिटणारा, आणि ते पाप जिचं आहे ती बाजूला बसून त्याला मार्क देणारी. तिने नणंदेला सगळं सांगितलं. नणंदेने हातातली जुडी बाजूला ठेवली. ती एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मी काय इस्त्री करते?"

रविवारी सकाळी भिंगबाई वर्ग न घेता टपरीवर गेली. इस्त्रीमामा कुणाच्या तरी पँटीला घडी घालत होता. ती उभ्या उभ्याच बोलली. टाचणी तुमची नव्हती. सुई होती. टोक सापडलं नाही म्हणून मी दुसरं चिकटवलं आणि सही केली. मला माहीत होतं, चौकशीच्या दिवशीही माहीत होतं.

त्याने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. तिला वाटलं होतं तो रडेल, किंवा माफ केलं म्हणेल. त्याने तसलं काही केलं नाही.

"माझी बायको शेवटच्या दुखण्यात विचारायची, असं कसं हो बघितलं नाहीत तुम्ही. लहान लेकराचा कपडा होता, असं कसं बघितलं नाहीत. त्याच विचारात गेली ती." त्याने घडी घातलेली पँट बाजूला सारली. "इथे सांगून मोकळ्या होऊ नका, ताई. जिथे सही केलीत तिथे जाऊन सांगा. आता जा. नाहीतर माझं तोंड सुटेल."

ती सोमवारी कारखान्यात गेली आणि लिहून दिलं. नवा मॅनेजर कागद वाचून वैतागला. जुनी फाईल आहे, बंद झाली, कशाला उकरता? तिने हट्टाने पोच घेतली, इस्त्रीवाल्याचं नाव साफ करा म्हणून दुसरा अर्ज दिला, आणि स्वतःहून तपासणीचं काम सोडलं. कुणी तिला ओरडलं नाही. त्याचाच तिला जास्त त्रास झाला. कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारावी, म्हणजे फिटलं म्हणता येईल, असं तिला वाटत होतं.

बुधवारी तिने पाळकांना सगळं सांगितलं आणि हेच म्हणाली. मला वडीलमंडळातून काढा, वर्षभर मागच्या बाकावर बसवा, झाडू मारायला लावा.

"मंडळातून काढतोच," पाळक म्हणाले. "इस्त्रीमामांचा बाप्तिस्म्याचा अर्जही आपण मंजूर करतोय. पण झाडू मारून तुम्ही पुन्हा काहीतरी मोबदला द्यायला बघताय, ताई. येशूचं वधस्तंभावर जे झालं ते पुरेसं आहे की नाही, एवढंच ठरवा. इस्त्रीमामांचं जेवढं नुकसान भरता येईल तेवढं भरा, ते त्यांचं देणं आहे तुमच्यावर. तारणासाठी मात्र तुमच्याकडचं काहीच चालणार नाही."

तिला हे वीस वर्षं तोंडपाठ होतं. ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी भरल्या मंडळीत तिने उभं राहून सगळं सांगितलं. तिच्या वर्गातली मुलं पुढच्याच रांगेत होती, तिला त्यांच्याकडे बघवेना. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मग इस्त्रीमामा पुढे आला. पोस्टमास्तरांनी मोठ्याने विचारलं, आता तर तुमचा दोष नव्हता असं कळलंय, मग अजून बाप्तिस्मा हवाय का?

लोक हसले. तोही किंचित हसला.

"सुई माझी नव्हती, साहेब. बाकीचं सगळं माझंच आहे. आठ दिवस ह्या ताईंबद्दल मी मनात काय काय म्हणालोय ते इथे सांगण्यासारखं नाही. एक डाग माझा नव्हता म्हणून शर्ट धुतलेला होत नाही. मी मागच्या शनिवारी आलो होतो तसाच आलोय."

तो पाण्यात गेला आणि वर आला. कपडे बदलून, ओल्या केसांनी, तो बसायला जागा शोधत मागे आला. शेवटच्या बाकावर एका टोकाला भिंगबाई मान खाली घालून बसली होती. बाकी बाक रिकामा होता, कुणी तिच्याजवळ बसलं नव्हतं. तो थांबला.

"राग गेलेला नाही माझा, ताई," तो हळू आवाजात म्हणाला.

"जाऊ पण नये," ती म्हणाली.

"ते बघू. सरका जरा आत. मला बसू दे."

ती सरकली.