कूलरच्या चार गाठी

कल्पिताला दहा मिनिटं एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नाही. डहाणू स्टेशनजवळच्या गाळ्यात ती लग्नांचे व्हिडिओ जुळवते, पण खुर्ची नावापुरतीच. व्हिडिओ तयार होत असताना ही घडीत दारात, घडीत पडद्याशी. पायाला भिंगरीच म्हणा ना.

त्या दुपारी तर तिचा जीव थाऱ्यावरच नव्हता. सायवनची कमळी बाकड्यावर अंग चोरून बसली होती. तिची आई बुधीबाई, लग्नांत गाणी म्हणणारी, नुकतीच वारली होती. उद्या दिवसकार्य. नातवाच्या लग्नात कल्पिताने टिपलेलं तेवढंच तिचं गाणं शिल्लक होतं आणि ते उद्या सगळ्या पाड्याला दाखवायचं होतं. पाचची एसटी गाठायची, आणि अडीचला कॉम्प्युटर तापून बंद पडला.

कल्पिताने तो उघडला. ग्राफिक्स कार्डाची चिप थंड ठेवणारा पंख्याचा ठोकळा, कूलर, एका बाजूला लोंबत होता. त्याला धरणाऱ्या चार प्लास्टिकच्या पिनांपैकी तीन तुटलेल्या. मुंबईहून मागवायच्या तर दोन दिवस.

दर्यावर जाणं सोडल्यापासून तिचे वडील नारू दुपारभर गाळ्याच्या दारात जाळं शिवत बसायचे. तिने त्यांच्या पुढ्यातला नायलॉनचा दोरा ओढला, उरलेली पिन काढून टाकली आणि चारी भोकांतून दोरा ओवला. जाळ्यांतच वाढलेली पोर. पहिली गाठ दातात धरून कचकचून आवळली, मग दुसरी, मग पुढच्या दोन. जाळ्यात एक गाठ पक्की केल्याशिवाय पुढच्या गाठीला हात लावत नाहीत.

कॉम्प्युटर सुरू झाला. तापमान साठ, ऐंशी, चौऱ्याण्णव. बंद! कमळीने घड्याळाकडे पाहिलं. कल्पिताला ते लागलं.

तिने गाठी कापल्या. चिपची उष्णता कूलरला पोचवणारी राखाडी पेस्ट एकाच कोपऱ्यात चेपली होती, बाकी जशीच्या तशी. पहिल्या गाठीनेच ठोकळा तिरका बसला होता. तिला स्वतःचाच राग आला.

"बाबा, मी जाळं शिवत बसले!"

"मंग कसं करायचं?"

"चारी गाठी ढिल्या मारायच्या. मग समोरासमोरच्या थोड्या थोड्या आवळत जायच्या."

"अर्धी गाठ सोडून दुसरी? मासं हसतील गो." असं म्हणाले खरे, पण दोन्ही अंगठ्यांनी ठोकळा दाबून धरला.

जुनी पेस्ट पुसून नवी लावली. या कोपऱ्यात जरासं, त्या कोपऱ्यात जरासं. नारूंच्या कपाळावर आठ्या, अशी गाठ त्यांना बघवेना. तापमान अडुसष्टला थांबलं. तरी कल्पिता दर मिनिटाला हाताची पालथी बाजू कॉम्प्युटरच्या डब्याला लावून बघत होती. पाचला वीस कमी असताना व्हिडिओ तयार झाला.

"एकदा बघू दे," कमळी म्हणाली.

बुधीबाई गात होती. गाता गाता थांबली, बाजूला बघून ओरडली, "कमळे, पाणी आण गो!"

कल्पिता ओशाळली. "हे राहिलंच. दोन मिनिटं थांब, कापते."

कमळीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको कापू, ताई. आता मला हाक मारणारं घरात कोण हाय?"