शालनबाईंचा हेवा

अंग बाहेर येत होतं, गर्भाशय खाली सरकलं होतं, म्हणून माझं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवरच्या शालनबाईंचंही तेच झालं होतं. आमच्या लघवीच्या नळ्या एकाच सकाळी काढल्या. थोड्या वेळाने त्या बाथरूमला गेल्या आणि बंद दाराआडून धार पडल्याचा आवाज आला. मग मी गेले. पोट तट्ट फुगलेलं, पण थेंब येईना. सिस्टरने पुन्हा नळी घातली, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

"होईल हो ताई, नळ सोडून बसत जा, पाण्याच्या आवाजाने होते," शालनबाई मायेने म्हणाल्या. ती माया मला सोसवली नाही. मी कधी कुणाच्या पाटल्यांकडे वळून पाहिलं नव्हतं आणि आता एका बाईच्या लघवीवर जळत होते. जन्मभर जे न मागता होत आलं, तेच अडलं की दुसऱ्याचं साधं चालतं शरीर श्रीमंती वाटू लागतं.

हळूहळू गुण आला. नळी पुन्हा काढली, आणि आधी थेंब, मग धार लागली. डोळे भरून आले. तरी मनात पहिलं आलं ते हेच, की हे शालनबाईंना ऐकू जायला हवं होतं. त्या मात्र आदल्याच दिवशी हसतहसत घरी गेल्या होत्या.