फेरफटका : एक तास

पहिली नोंद अशी आहे : "सकाळी साडेनऊ. पुढची खोली. सोफ्याचा डावा हात फाडून आतला स्पंज बाहेर. साक्षीदार नाही."

दुसरी नोंद त्याच दिवशी संध्याकाळची. तिच्यात सोफ्याचा उजवा हात आहे.

नोंदवही ठेवायची कल्पना माझी. तीस वर्षं सोलापुरात एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानासाठी दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात गेली. जखमी किती, ट्रक कुठून कुठे चालला होता, अपघात टेंभुर्णीच्या अलीकडे की पलीकडे, हे बातमीदाराला फोन करून विचारल्याशिवाय मजकूर पुढे सोडायचा नाही, अशी माझी ख्याती होती. ख्याती हा शब्द माझा. बातमीदार वेगळा शब्द वापरत. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. मग घरात कुत्रा आला आणि त्याने तपासण्यासारखं बरंच करून ठेवलं.

कुत्रा कारवानी जातीचा. लांब तोंड, आत गेलेलं पोट, काठीसारखे पाय. सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाकडून आणलेला. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्या मेंढपाळाच्या कळपावर मी एक लेख लिहिला होता. तेव्हा तो म्हणाला होता, "ह्यो पळणारा कुत्रा हाय साहेब, बसणारा न्हाय. ह्याला घर मानवत न्हाय." वाक्य मला इतकं आवडलं की लेखाची सुरुवात त्यानेच केली. चार महिन्यांनी त्याच माणसाला फोन करून मी एक पिल्लू मागून घेतलं आणि दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घरात आणून ठेवलं. आपण छापलेलं वाक्य आपणही वाचायचं असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

दहा महिन्यांचा होईपर्यंत त्याने चपलांचे चार जोड, एक बादली, इन्व्हर्टरची वायर, एका चादरीची पूर्ण किनार आणि माझ्या छापून आलेल्या लेखांची फाइल संपवली. फाइलमधला नेमका मेंढपाळाचा लेख त्याने खाल्ला, असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात त्याने पाणीटंचाईवरची मालिका खाल्ली. मेंढपाळाचा लेख शाबूत आहे.

बायको घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे. कुत्र्याबाबत तिची भूमिका सुरुवातीपासून एका वाक्याची होती : "तुम्ही आणलाय, तुम्ही बघा." मी बघत होतो. नोंदवहीच्या चौतिसाव्या पानापर्यंत बघितलं होतं. पस्तिसाव्या पानावर इरकल साडी आली.

साडी मागच्या गल्लीतल्या एका बाईंची होती. घरात तेलुगू बोलणारं, यंत्रमागावर पोट असलेलं कुटुंब. कापडातलं त्यांना जितकं कळतं तितकं मला बातमीतलं कळत नसेल. फॉल लावून साडी खुर्चीवर घडी करून ठेवली होती. बायको दार उघडायला गेली तेवढ्यात पदराची वीतभर पट्टी गेली. दारात साडीवाल्या बाईच उभ्या होत्या. त्यांनी पदर हातात घेऊन उजेडात धरला, बोटं घालून भोकं पाहिली आणि म्हणाल्या, "अय्यो वहिनी, मी फॉल लावायला दिली होती की. झालर करायला कुठं सांगितलं?"

मी हसलो. हसणारा मी एकटाच होतो. बायकोने कपाटातून स्वतःची एकदाही न नेसलेली इरकल काढून त्यांच्या हातात दिली. त्या नको नको म्हणत घेऊन गेल्या.

त्या संध्याकाळी तिने अट सांगितली. आवाज चढवला नाही.

"तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. मग ह्या खोलीत दुसऱ्यांच्या साड्यांचा ढीग असतो. त्याच्या आधीचे पंधरा दिवस बघणार. घरातली एकही वस्तू फाटली नाही, तर राहू दे त्याला. एक जरी फाटली, तरी सांगोल्याला फोन करायचा. तुम्ही करायचा. मी नाही."

मला कुत्रा जायला नको होता. याचं कारण फार मोठं नाही. निवृत्त माणूस सकाळी उठतो तेव्हा घरातलं कोणी त्याच्यासाठी ताटकळलेलं नसतं. कुत्रा असायचा. मी डोळे उघडले की तो उभा राहायचा, कामावर जायची वेळ झाल्यासारखा. एवढंच कारण होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

नोंदवही घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं चाळली. इतकी व्यवस्थित नोंद ठेवणारा कुत्रेवाला पहिल्यांदाच पाहिला, असं म्हणाले. मला बरं वाटलं.

"फिरवता किती?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी एक तास." नोंदवहीत तसं होतंच. प्रत्येक पानाच्या वर पहिली ओळ : 'फेरफटका : एक तास.'

"मग व्यायाम पुरेसा आहे. दुसरं कारण शोधू."

दुसरी कारणं शोधण्यात तीन आठवडे गेले. चघळायला हाडं आणली, ती त्याने सोफ्याच्या पोकळीत पुरून ठेवली. एकटेपणा वाटत असेल म्हणून रेडिओ लावून ठेवला. लाकडाला तिखट पाणी लावा, असं कोणीतरी सांगितलं. पाणी ओघळून जातं, म्हणून मी डोकं चालवून सोफ्याच्या पायांना शेंगा चटणी चोळली. तेल सुटलेली, खलबत्त्यात कुटलेली, सोलापुरात पाहुण्यांना डबा भरून देतात ती. कुत्र्याने चटणी चाटून खाल्ली, आणि लाकडात मुरली होती ती मिळवण्यासाठी पायही खाल्ला. नोंद : "उपाय निष्फळ. चटणी संपली."

पंधरा दिवसांची मुदत सुरू व्हायला चार दिवस उरले असताना मला ताप आला. सकाळी कुत्रा पलंगाशी उभा. बायकोने पाच मिनिटं वाट पाहिली, मग पट्टा काढला आणि त्याला घेऊन गेली. एक तास पाच मिनिटांनी परत आली. पट्टा न सोडताच माझ्यासमोर उभी राहिली.

"दोन चहा झाले माझे," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुमच्या फेरफटक्यात."

पुढचा तपशील प्रत्यक्षदर्शीने सांगितला तसा. कुत्र्याने तिला कोपऱ्यावरून उजवीकडे वळवून सरळ चहाच्या गाड्यावर नेलं. तिथे तो बाकाखाली शिरला आणि हनुवटी पायांवर ठेवून पडला. तिने ओढलं, तो उठेना.

"ताई, वढू नका त्येला," चहावाला म्हणाला. "पाऊण तास हालत न्हाई त्यो. साहेबांचं बोलणं संपलं की आपसूक उठतंय."

"रोज?"

"रोज की. लई शाना हाय. भुकत बी न्हाई."

बाकावर माझ्या वयाचे दोघे जण होते. त्यांनी सरकून तिला जागा दिली, साहेब का आले नाहीत ते विचारलं, आणि कालचा विषय पुढे सुरू केला. विषय, तिच्या सांगण्याप्रमाणे, आजकालच्या बातम्यांमध्ये अचूकपणा राहिला नाही, हा होता.

एवढं सांगून तिने नोंदवही उघडली.

"घरापासून गाडा किती मिनिटं?"

"सात."

"परत येताना?"

"सातच."

"अन् मधला वेळ?"

मी कूस बदलली.

"अहो, त्या बातमीदार पोरांना फोनवर झापत होता ना आयुष्यभर? नक्की किती, नक्की किती म्हणून?"

तिने माझंच लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून प्रत्येक 'एक तास' खोडून वर 'चौदा मिनिटं' लिहीत गेली. मला ताप होता, त्यामुळे उठून जाता येत नव्हतं. पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

खोटं लिहिण्याचा हेतू नव्हता, हे इथे नमूद करतो. मी सहाला निघत होतो, सातला येत होतो. सोफा, चपला, वायर, सगळं वेळेसह नोंदलं होतं. फक्त ज्या एका माहितीवर डॉक्टरांचं निदान उभं होतं, ती कोणी तपासली नव्हती, कारण ती विश्वसनीय सूत्राकडून आली होती. पळण्यासाठी जन्मलेलं जनावर दिवसाला चौदा मिनिटं चालत होतं आणि उरलेला व्यायाम सोफ्यावर करत होतं.

ताप उतरल्यावर पळवायचं ठरलं. मी पळून पाहिलं. पहिल्या विजेच्या खांबापर्यंत बातमी चांगली होती. दुसऱ्या दिवशी सायकल काढली. रस्त्यात डुक्कर आडवं आलं. कुत्रा डुकरामागे गेला, पट्टा कुत्र्यामागे, सायकल पट्ट्यामागे. मी शाळेच्या रिक्षासमोर पडलो. रिक्षातली मुलं उतरून बघून गेली. दोन्ही गुडघे, एक कोपर.

तेव्हा मेंढपाळाला फोन केला. कुत्रा परत घ्या असं सांगायला नव्हे, विचारायला. तो आधी बराच वेळ हसला.

"साहेब, तुमी कशाला पळताय? वय हाय का तुमचं? बाई हायत का घरात?"

"आहेत."

"मग मोकळ्या रानात एका टोकाला तुमी ऱ्हावा, एका टोकाला त्या. आळीपाळीनं हाका मारा. पळायचं काम त्याचं हाय. तुमी निस्तं हुबं ऱ्हायाचं."

बायको यायला तयार झाली. कुत्र्यासाठी नाही, साड्यांसाठी येते, असं तिने स्पष्ट केलं. कोपऱ्यावरून डावीकडे दहा मिनिटांवर प्लॉट पाडून ठेवलेली मोठी जागा आहे. घरं अजून नाहीत, नुसते चुना लावलेले दगड. ती त्या टोकाला, मी ह्या टोकाला. मी हाक मारली. ज्या आवाजाला तालुक्यातालुक्यातले बातमीदार घाबरत, त्या आवाजात मारली. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं आणि दगड हुंगला. तिकडून ती नुसतं "ये" म्हणाली. तो असा सुटला की मधले प्लॉट दिसेनासे झाले, नुसती धूळ दिसली. तिच्याकडे ज्वारीच्या भाकरीचे तुकडे होते. माझ्याकडे अधिकार होता. तिसऱ्या दिवसापासून मीही भाकरी नेऊ लागलो.

अर्ध्या तासाने त्याची जीभ बाहेर यायची. घरी येऊन तो वाडगाभर पाणी प्यायचा आणि मशीनखाली, तिच्या पायांशी, दुपारपर्यंत झोपायचा. नोंदवहीत एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस एकच शब्द : 'निरंक.' मशीन चालवताना त्याच्या शेपटीवर पाय पडू नये म्हणून ती जरा तिरकी बसायला लागली होती. हे मी नोंदवलं नाही. नोंदवलं असतं तर तिने सरळ बसायला सुरुवात केली असती.

मुदतीच्या दहाव्या दिवशी ती पहाटेच्या एसटीने बहिणीबरोबर अक्कलकोटला गेली. जाताना म्हणाली, "मी नसले तरी न्या त्याला. लांब दोरी लावा, पण पळवा." मी हो म्हणालो. कोपऱ्यावर कुत्रा डावीकडे वळला. मी उजवीकडे वळलो. दोन मिनिटं बसून निघायचं होतं.

अकरा वाजता मी मागच्या खोलीत वर्तमानपत्रातल्या चुकांखाली रेघा ओढत होतो. पुढे आलो तेव्हा कुत्रा मशीनशी बसला होता आणि त्याच्या तोंडातून पिवळी फीत लोंबत होती. बायकोचा मापाचा टेप. तीन तुकडे, त्यातले दोन सापडले. सव्वीसपासून एकेचाळीसपर्यंतचे इंच कुठे गेले ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आता मी काय केलं ते क्रमाने सांगतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून तसाच पिवळा टेप आणला. तो कोरा करकरीत दिसत होता. बायकोच्या टेपचा पहिला इंच झिजून गेला होता, ती नेहमी दुसऱ्या इंचापासून मोजायची. म्हणून नव्या टेपचं टोक फरशीवर घासलं. रंग जुना दिसावा म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडवला आणि पंख्याखाली वाळवला. तो जुना दिसेना. त्याला चहाचा वास मात्र येऊ लागला. आदल्या सगळ्या प्रकरणाची माहिती असलेल्या बाईसमोर चहाचा वास येणारा टेप ठेवायचा होता.

नंतर जे लिहिलं ते सदसद्विवेकामुळे लिहिलं, असं म्हणता आलं असतं. खरं म्हणजे दुसरा मार्ग उरला नव्हता. नोंद अशी : "सकाळी अकरा. मापाचा टेप, तीन तुकडे. आज पळवलं नाही. चहाच्या गाड्यावर एक तास वीस मिनिटं. मशीनशेजारच्या खिळ्याला लावलेला टेप नवा आहे. तो जुना दिसावा असा प्रयत्न केला."

ती संध्याकाळी आली. प्रसाद देवाजवळ ठेवला, पाय धुतले. मी नोंदवही तिच्यापुढे ठेवली आणि फोनवर मेंढपाळाचा नंबर काढून उभा राहिलो. तिने नोंद वाचली. खिळ्यावरचा टेप काढून नाकाशी नेला. परत नोंद वाचली. कुत्रा मशीनखाली होता, सकाळपासून त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं.

"लावू फोन?" मी विचारलं.

"कुणाला?"

"सांगोल्याला. एक जरी फाटलं तरी, असं ठरलं होतं."

"ह्यात कुत्र्याने काय केलंय?"

"टेप फाडला."

"ते एका ओळीत आहे. बाकीचं सगळं तुम्ही केलंय." तिने वही मिटली. "ठेवा तो फोन. नेऊन नेऊन तो कुत्र्यालाच नेणार. तुम्हाला न्या म्हटलं तर नेईल का?"

कुत्रा राहिला. पंधरा दिवसांची मुदत उद्यापासून पुन्हा सुरू होईल, असं तिने सांगितलं. ती या वेळी मला आहे.