दोन गोळ्यांतली एक

माझी मुलगी पाच महिन्यांची होईपर्यंत मी तिला एकदाही धड अंघोळ घातली नव्हती. साताऱ्याला माहेरी आई घालायची. तिसऱ्या महिन्यात मी सासरी, इस्लामपूरजवळच्या गावी आले आणि सासूबाईंनी पाट माझ्याकडे सरकवला. मी पाय लांब करून बसले, पोरीला पायांवर घेतलं आणि तांब्यात बोट बुडवलं. पाणी कढत वाटलं. विसण घातलं, परत बोट बुडवलं, तरी वाटलं हिची कातडी भाजणार. असं करता करता पाणी गार झालं, पोर कुडकुडून रडायला लागली आणि मी तिच्यापेक्षा मोठ्यानं रडले. सासूबाईंनी तिला उचललं. त्यानंतर अंघोळ त्यांच्याकडे गेली.

भीती काही नुसत्या पाण्याची नव्हती. पाळण्याची दोरी तुटेल, उंबऱ्याला ठेच लागून पोर हातातून सुटेल, असलं काहीबाही दिवसभर डोक्यात चाले. पोर झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसे. मला स्वतःला झोप येईनाशी झाली होती. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. कढत पाण्याचा तांब्या उचलला की मनात यायचं, हे आपणच हिच्या अंगावर ओतलं तर?

इस्लामपूरच्या आमच्या डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि शेवटी सांगलीच्या एका डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. मनाचे डॉक्टर, असं ते म्हणाले. गावात त्यांना काय म्हणतात ते मला माहीत होतं. माझे यजमान सैन्यात, लांब सरहद्दीकडे. त्यांना पत्र टाकलं, तर तीन आठवड्यांनी उत्तर आलं : डॉक्टर म्हणतील तसं कर आणि आईचं ऐक. सासूबाईंना मी आत्या म्हणे. आत्यांनी गावात सांगितलं की सुनेचे डोळे दाखवायला चाललोय, आणि पोरीला घेऊन आम्ही दोघी सांगलीच्या एस.टी.त बसलो.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "दिवसातलं कुठलं काम तुम्हाला सगळ्यात जड जातं?"

"अंघोळ," मी म्हणाले. आणि का कोण जाणे, ती तांब्याची गोष्टही सांगून टाकली, आत्यांच्या देखत. आता आत्या पोरीला उचलून बाहेर जातील, असं मला वाटलं. त्या तशाच बसून राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, "हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नव्हे. तुमच्या मनात येतं आणि त्याचीच तुम्हाला भीती वाटते. ओतणारी बाई तांब्या हातात घ्यायला भीत नाही."

हे मी त्या दिवसापासून कितीदा स्वतःशी म्हटलं असेल.

मग त्यांनी दोन औषधांची नावं कागदावर लिहिली. एक गोळी रात्री घ्यायची. तिनं गाढ झोप लागते, इतकी की पोर रडलं तरी जाग येईलच असं नाही, आणि सकाळी डोकं जड राहतं. दुसरी सकाळची. तिनं तशी झोप येत नाही, पण काही जणांचे हात थरथरतात. तोंड दोन्हीनं कोरडं पडतं आणि गुण यायला दोन्हींना दोन-तीन आठवडे लागतात. औषध थोडं दुधात उतरतं, म्हणून पोर सुस्त वाटली किंवा दूध ओढेनाशी झाली, तर लगेच आणायचं.

"मग कुठली लिहू?" त्यांनी विचारलं.

ते आत्यांना विचारतायत असंच मला वाटलं. मी जुनी मॅट्रिक झालेली, पण माझ्या लग्नातला शालूसुद्धा मामीनं पसंत केला होता. मी आत्यांकडे पाहिलं. "माज्याकडं काय बगतीस? तुज्या अंगाचं तुला ठावं," त्या म्हणाल्या. मला त्यांचा रागच आला. एरवी भाजीत मीठ किती घालायचं हेही त्या मला ठरवू देत नव्हत्या.

लेकराच्या रडण्यानं जी उठत नाही ती कसली आई, असं वाटत होतं. पण थरथरत्या हातात कढत पाण्याचा तांब्या घेणं मला या जन्मात जमलं नसतं. मी म्हणाले, "झोपेची." आणि लगेच शरमेनं रडू आलं.

"रातीचं मी बगती की," आत्या म्हणाल्या. "मला न्हाईतरी कुठं झोप येतीया. वरचं दूद पाजीन." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "आवं, पर ही गोळी उष्ण हाय का थंड?"

"उष्ण नाही आणि थंडही नाही, मावशी."

"तोंड कोरडं पडतंय म्हंता, म्हंजी उष्णच की."

डॉक्टर हसले. त्या दिवसापासून माझ्यामागे धन्याजिऱ्याचं पाणी लागलं, दिवसातून तीन फुलपात्रं. गावात शेजारणीनं विचारलं, चष्म्याचा नंबर किती लागला? आत्या म्हणाल्या, "आजून तपासत्यात."

पहिले दोन आठवडे काहीही झालं नाही. तोंड वाळून जाई, सकाळी भाकरी थापताना डुलकी येई, आणि भीती होती तिथंच. पोर रात्री किती वेळा उठली हे मला आत्यांना विचारावं लागे, आणि विचारताना मान वर होत नसे. त्यात एकदा पोरीला हिरवी शी झाली. आत्या म्हणाल्या, "दुदातनं उष्णता गेली. चार दीस गोळी ऱ्हाऊ दे."

"नाही आत्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवणार नाही," मी म्हणाले. त्यांना मी नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. आम्ही पोरीला डॉक्टरांना दाखवून आणलं. काही विशेष नव्हतं. आत्या धुसफुसत म्हणाल्या, "बरं. मग धनं-जिरं वाढीवती."

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी आपण होऊन पाट मांडला. पायांवर पोर घेतली आणि बोट एकदाच बुडवलं. पाणी कोमट होतं. कोमट पाणी कोमट लागलं, यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. मी मात्र अंघोळ होईपर्यंत हसत होते. तो विचार आला, नाही असं नाही, पण आला तसा गेला. आत्या दाराशी उभ्या होत्या. "कानात पानी जाईल, हात धर," एवढंच म्हणून त्या म्हशीकडे गेल्या.

गोळी पुढं वर्षभर चालली, मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. ती बंद झाली त्या दिवशी मी हौसेनं माझ्या शेजारी पोरीचं अंथरूण घातलं. आता आपल्याला जाग येणार होती. पोर तुरुतुरु आली, अंथरुणावरचं आपलं दुपटं ओढून घेतलं आणि आत्यांच्या कुशीत जाऊन पडली.

आत्या ओशाळल्या. "म्या न्हाई गं शिकवलं."

"मला माहीत आहे, आत्या."

वाईट वाटायचं ते वाटलंच. पोर कॉलेजला बाहेरगावी जाईपर्यंत त्यांच्याजवळच झोपली आणि मला दर वेळी थोडं वाईट वाटत राहिलं. तरी आज कुणी तो कागद पुढं धरला, तर मी तीच गोळी सांगेन. गोळी बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवून पाणी तापवलं, विसण घातलं, पाट मांडला आणि पोरीला हाक मारली. आत्यांच्या अंथरुणातून उठून, डोळे चोळत ती माझ्याकडे आली.