फोटोत राहिलेला हात

मैत्रिणींनो, आज सकाळी माझं चुकलं. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

माझ्या फोनचा पडदा बंद असतानाही मंद दिसत राहतो. त्यावर दिवाळीत नवी पेठेत काढलेला आम्हा चौघांचा फोटो हवा होता. सुनेने लावून दिला, पण घड्याळाचे आकडे नेमके नातवाच्या तोंडावर आले.

"हे काय गं? नीट लाव की," मी ओरडले.

तिने फोटो मोठा करून सरकवला. मग म्हणाली, "आई, असा घेतला तर मी फोटोच्या बाहेर जाते. चालेल?"

मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "चालतंय की."

तिने तसाच लावला आणि ऑफिसला गेली.

आता फोन समोर पडलाय. त्यात मी, मुलगा, नातू आणि माझ्या खांद्यावर तिचा हात. नुसता हात.

हेच तिने मुलाबद्दल विचारलं असतं, तर मेथी टाकून मी उठले असते.

फोटो बदलायला मला येत नाही. संध्याकाळी तिलाच सांगावं लागेल. तुम्ही कसं सांगितलं असतं?